सभासद वर्गणीची पावती : कामगार संघ, कायदा आणि शासनाचे नियमन

दसरा-दिवाळीच्या सुमारास प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांच्या खोऱ्यातील साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते आणि नवा गळीत हंगाम सुरू होतो. घरी गेलेले हंगामी कामगार पुन्हा कामावर रुजू होतात. वेतन रोखीने मिळत असे त्या काळी पगाराच्या दिवशी खिडकीजवळ एक टेबल मांडलेले असे आणि त्यावर पावती पुस्तक घेऊन कामगार संघाचा प्रतिनिधी बसलेला असे. पगार मोजून घेतलेला कामगार त्यातील काही पैसे टेबलावर ठेवी, पावती घेई व घडी करून खिशात टाकी. अनेकदा ती पावती धुण्यात जाई आणि तिची आठवणही उरत नसे.

त्या पावतीचे मोल मात्र कायद्याच्या दृष्टीने फार मोठे आहे. संघाचे सभासद कोण, त्याच्या कारभारात मत कोणाला, मालकाशी वाटाघाटी करण्याचा अधिकार कोणत्या संघाला आणि जमलेल्या पैशाचा हिशेब कोणाला मागता येतो, या चारही प्रश्नांचा निर्णय अखेरीस पावतीच्या स्थळप्रतीवर आणि सभासद नोंदवहीवर येऊन ठेपतो. कामगार संघांवर शासनाचे जे नियमन आहे, त्याचा मोठा भाग या दोन कागदांभोवतीच फिरतो. अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या, शेती आणि कारखानदारी यांची सांगड घातलेल्या जिल्ह्यातील लोकप्रतिनिधी, शिक्षक व अधिकारी यांना हे नियमन कसे चालते याची माहिती असणे उपयुक्त ठरेल.

संघटित श्रमाचा जिल्हा

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) सहकारी साखर कारखानदारीची जन्मभूमी म्हणून ओळखला जातो. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ मध्ये पहिला हंगाम घेतला. मात्र सहकार येण्यापूर्वीच हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी अशा ठिकाणी खाजगी कारखाने आणि त्यांचे विस्तीर्ण ऊसमळे होते. कमाल जमीन धारणा कायदा १९६१ साली झाल्यानंतर या मळ्यांच्या जमिनी शासनाकडे आल्या आणि त्यांच्या व्यवस्थेसाठी १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. त्यामुळे साखर कारखान्यातील कुशल कामगार आणि मळ्यावरील शेतमजूर असे दोन्ही वर्ग या जिल्ह्यात शेजारी शेजारी राहिले.

त्यांच्या जोडीला नगर शहर व संगमनेर येथील विडी कामगार, ज्यांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे. बाजार समित्यांच्या आवारातील हमाल व मापाडी. नागापूर, सुपे, श्रीरामपूर येथील औद्योगिक वसाहतींतील कामगार. पाथर्डी व शेवगाव भागांतून दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडणारे ऊसतोड मजूर. तसेच ग्रामपंचायतींचे कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका, असा हा श्रमिकांचा मोठा समुदाय आहे. कोणाला बारमाही वेतन आहे, कोणाला सहा महिन्यांचे काम आहे, तर कोणाला हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी आहे. या सर्वांसाठी वर्गणीचा एकच दर आणि सभासदत्वाची एकच पद्धत चालणार नाही, हे उघड आहे. कायद्यानेही ते मानले असून ते कसे, हे पुढे पाहू.

नोंदवही नसलेली पहिली संघटना

भारतातील कामगार चळवळीचा आरंभ सांगताना नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव प्रथम घेतले जाते. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांच्या मागण्यांचे निवेदन तयार केले आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना उभी केली. कामगारांना रविवारची सुटी मिळावी ही त्यांची मागणी १८९० साली मुंबईच्या गिरणी मालकांनी मान्य केली. एवढे मोठे कार्य करणाऱ्या या संघटनेला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता आणि लेखी नियमावलीही नव्हती. लोखंडे यांचा लौकिक व त्यांची तळमळ हेच तिचे भांडवल होते. १८९७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या माघारी त्या संघटनेला पूर्वीचे बळ राहिले नाही. नेत्याच्या पश्चात टिकून राहायचे तर संघटनेला सभासद, निधी व नियम हवेत, हा धडा पुढील पिढीने यातून घेतला.

दुसरा धडा मद्रासचा. तेथे १९१८ साली बी. पी. वाडिया यांच्या पुढाकाराने मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. बकिंगहॅम गिरणीतील तंट्यानंतर मालकांनी संघटनेच्या नेत्यांविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला आणि न्यायालयाने मनाई हुकूम दिला. कामगारांना संघटित करणे हीच जणू मालकाची आगळीक ठरली. या प्रसंगाने देशभर खळबळ उडाली. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे जन्मलेले आणि कामगार सेवेला वाहून घेतलेले ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात कामगार संघांची नोंदणी व त्यांना संरक्षण यांसाठी कायदा करावा असा ठराव मांडला. त्याची परिणती १९२६ च्या कामगार संघ अधिनियमात झाली. तो १ जून १९२७ पासून अंमलात आला आणि पुढे जवळजवळ अठ्ठ्याण्णव वर्षे देशातील कामगार संघांचा मूळ कायदा राहिला.

या कायद्यामागील विचार देवाणघेवाणीचा होता. नोंदलेल्या संघाला कायद्याने संरक्षण द्यावयाचे; कामगार तंट्याच्या कायदेशीर कामाबद्दल त्याच्या पदाधिकाऱ्यांवर फौजदारी कटाचा आरोप किंवा नुकसानभरपाईचा दावा चालू द्यावयाचा नाही. त्याच्या मोबदल्यात संघाने लेखी नियमावली करावी, सभासदांची यादी ठेवावी, हिशेब तपासून घ्यावा आणि दरवर्षी निबंधकाकडे विवरणपत्र पाठवावे. शासन संघ चालवत नाही. संघ उघडपणे चालला आहे एवढे पाहते. ही मर्यादा ध्यानात ठेवली म्हणजे पुढील तरतुदींचा अर्थ नीट लागतो.

वर्गणी किती असावी ?

१९२६ च्या मूळ कायद्यात वर्गणीची किमान रक्कम ठरवलेली नव्हती. १९६० च्या दुरुस्तीने ती प्रथमच ठरली : प्रत्येक सभासदामागे दरमहा किमान २५ नवे पैसे, म्हणजे वर्षाला ३ रुपये. ही दुरुस्ती करण्यामागील कारण सहज समजण्याजोगे आहे. नाममात्र किंवा शून्य वर्गणीवर शेकडो नावे कागदावर दाखविणे सोपे असते. परंतु दरमहा काही ना काही देणारा माणूस मात्र खराच असावा लागतो.

पुढे २००१ च्या दुरुस्तीने, जी ९ जानेवारी २००२ पासून लागू झाली, कामगारांचे तीन वर्ग करण्यात आले. ग्रामीण कामगारांसाठी वर्षाला किमान १ रुपया, इतर असंघटित क्षेत्रांतील कामगारांसाठी ३ रुपये आणि उर्वरित सर्वांसाठी १२ रुपये अशी किमान वर्गणी ठरली. म्हणजे कारखान्यातील कामगाराची किमान वर्गणी चौपट झाली, तर शेतमजुराची पूर्वीच्या एक तृतीयांशावर आली. मोलमजुरीवर जगणाऱ्या माणसाला वर्गणीच्या ओझ्यामुळे संघटनेच्या बाहेर राहावे लागू नये, हा हेतू त्यात दिसतो. भारताने १९७७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ग्रामीण कामगारांच्या संघटनांविषयीचा करार क्रमांक १४१ मान्य केला होता. मजुरांबरोबरच स्वतः राबणारा लहान शेतकरीही त्या करारात ग्रामीण कामगार मानला गेला आहे, ही गोष्ट आपल्या ग्रामपंचायत सदस्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी.

या रकमा किमान होत्या, कमाल नव्हत्या, याविषयी पुष्कळांचा गैरसमज आढळतो. प्रत्यक्षात वर्गणी किती ठेवावी हे संघाच्या नियमावलीप्रमाणे सभासदच ठरवतात. साधा हिशेब करून पाहू. समजा, एका कारखान्यातील संघाचे ३०० सभासद आहेत. वर्षाला १२ रुपयांप्रमाणे ३,६०० रुपये जमतील. एवढ्या रकमेत कार्यालयाचे भाडे, पत्रव्यवहार, हिशेब तपासणी आणि औद्योगिक न्यायालयातील एका प्रकरणाचा खर्च भागणे अवघड आहे. शेतमजुरांच्या २०० सभासदांच्या संघाकडे किमान दराने २०० रुपयेच जमतील. म्हणून संघाला स्वतःच्या पायावर उभे राहावयाचे तर वर्गणी किमान दराहून अधिक ठेवावी लागते. ती ठेवताना सभासदांची संमती घ्यावी लागते, आणि संमती घ्यावयाची तर हिशेब दाखवावा लागतो. वर्गणी वाढविण्याचा खरा मार्ग हिशेबाच्या वहीतून जातो तो असा.

जमलेला पैसा कशासाठी ?

संघाच्या सर्वसाधारण निधीतून कोणता खर्च करता येईल हे १९२६ च्या कायद्याने नमूद करून ठेवले होते. पदाधिकाऱ्यांचे वेतन, कार्यालयीन खर्च, हिशेब तपासणी, कोर्टकचेरीचा खर्च, कामगार तंटा चालविण्याचा खर्च, तंट्यामुळे सभासदाचे नुकसान झाल्यास भरपाई, मृत्यू, वार्धक्य, आजार, अपघात किंवा बेकारी यांबद्दल साहाय्य, सभासदांच्या मुलांचे शिक्षण, कामगारांच्या प्रश्नांवरील नियतकालिक चालविणे अशा बाबी त्यात येत. राजकीय कार्यासाठी खर्च करावयाचा असल्यास त्याचा निधी वेगळा ठेवावा, त्याची वर्गणी वेगळी घ्यावी आणि ती देण्याची सक्ती कोणावरही करू नये, असे स्पष्ट बंधन होते. राजकीय निधीला पैसे न देणाऱ्या सभासदाला संघाच्या इतर लाभांपासून वंचित ठेवता येत नसे.

हिशेबाची वही पाहण्याचा अधिकार पदाधिकाऱ्यांबरोबरच प्रत्येक सभासदाला देण्यात आला होता. परंतु हा अधिकार वापरणारे सभासद थोडे असतात. सरचिटणीस व खजिनदार यांच्यावर विश्वास आहे, मग वही कशाला मागावयाची, अशी भावना त्यामागे असते. वही मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. ग्रामसभेत ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचला जातो, सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंद मांडला जातो. तीच रीत कामगार संघातही पाळली गेली पाहिजे.

वार्षिक विवरणपत्र न पाठविल्यास जुन्या कायद्यातील दंड फार थोडा होता : ५ रुपयांपर्यंत आणि कसूर चालूच राहिल्यास आठवड्याला आणखी ५ रुपये, मात्र एकंदरीत ५० रुपयांहून अधिक नाही. इतक्या अल्प दंडाचा धाक कोणाला वाटावा ? खरा धाक नोंदणी रद्द होण्याचा होता. निबंधक दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन नोंदणी रद्द करू शकत असे, आणि नोंदणी गेली की तिच्याबरोबर मिळालेले संरक्षणही जात असे.

नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी

अनेक कार्यकर्ते नोंदणी प्रमाणपत्र मिळाले की मालकाने आता आपल्याशी बोललेच पाहिजे असे समजतात. वस्तुतः १९२६ चा कायदा केवळ नोंदणीपुरता होता. मालकाने कोणत्या संघाशी वाटाघाटी कराव्यात याविषयी त्यात लागू असलेली तरतूद नव्हती. ही उणीव आपल्या राज्याने दोन कायद्यांनी भरून काढली.

पहिला मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६. कापड, साखर, सहकारी बँका अशा निवडक उद्योगांना लागू केलेल्या या कायद्यात एका स्थानिक क्षेत्रातील त्या उद्योगाच्या एकूण कामगारांपैकी किमान २५ टक्के सभासद सलग तीन महिने असलेल्या संघाला प्रातिनिधिक संघ म्हणून नोंदण्याची व्यवस्था करण्यात आली. साखर उद्योगामुळे आपल्या जिल्ह्याचा या कायद्याशी निकटचा संबंध आला.

दुसरा कायदा १९७१ चा : महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम. तो ८ सप्टेंबर १९७५ पासून अंमलात आला. १९४६ च्या कायद्याखाली न येणाऱ्या, ५० किंवा अधिक कामगारांच्या उपक्रमांत मान्यतेची पद्धत त्याने घालून दिली. अर्जापूर्वीच्या सहा कॅलेंडर महिन्यांच्या संपूर्ण काळात उपक्रमातील किमान ३० टक्के कामगार सभासद असल्यास संघाला औद्योगिक न्यायालयाकडे मान्यतेसाठी अर्ज करता येई. मान्यता हवी असलेल्या संघाच्या नियमावलीत चार गोष्टी असणे आवश्यक ठरले : दरमहा किमान ५० पैसे वर्गणी, तीन महिन्यांच्या आत कार्यकारी समितीची बैठक, सर्व ठरावांची इतिवृत्त पुस्तकात नोंद आणि राज्य शासनाने नेमलेल्या हिशेब तपासनिसाकडून वर्षातून किमान एकदा तपासणी करू देणे. त्याबदल्यात मान्यताप्राप्त संघाला वेतन वाटपाच्या जागी वर्गणी गोळा करण्याचा, सूचना फलक लावण्याचा आणि मालकाशी चर्चा करण्याचा हक्क मिळाला.

दोन सभासद कमी पडले तर

या तरतुदीत एक लहानसे कलम असे आहे की, ज्याच्याकडे दुर्लक्ष केल्याने संघाचे सारे श्रम वाया जाऊ शकतात. लगतच्या सहा महिन्यांत ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली असेल, त्याला सभासद समजले जात नाही. मग तो मोर्चात सर्वांच्या पुढे असो, की सभेत सर्वांत मोठ्याने घोषणा देणारा असो.

समजा, एखाद्या कारखान्यात ४०० कामगार आहेत. ३० टक्के म्हणजे १२० सभासद हवेत. संघाच्या यादीत १३२ नावे आहेत. पदाधिकारी निश्चिंत आहेत. पडताळणीच्या वेळी तपास अधिकारी पावत्यांच्या स्थळप्रती, सभासद नोंदवही व कीर्द एकमेकांशी ताडून पाहतो आणि १४ जणांची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकलेली आढळते. उरले ११८. दोन सभासद कमी पडले आणि मान्यतेचा अर्ज फेटाळला गेला. त्या १४ जणांनी पैसे दिले नव्हते असेही नाही. कदाचित दिले असतील, परंतु पावती फाडली गेली नसेल, किंवा वहीत तारीख चढवली गेली नसेल. एका कारकुनी चुकीची किंमत मग ४०० कुटुंबांना मोजावी लागते; कारण वेतनवाढीच्या करारावर त्यांच्या वतीने बोलणारा मान्यताप्राप्त संघच उरत नाही.

हंगामी कामगारांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच घ्यावी लागते. गळीत हंगाम संपून कामगार गावी गेला की वर्गणी थांबते आणि थकबाकी वाढत जाते. हंगाम चालू असतानाच संपूर्ण वर्षाची वर्गणी घेऊन तिची पावती महिनावार लिहून देणे, हा यावरील साधा व बिनखर्चाचा उपाय आहे.

मुंबईच्या संपाने शिकविलेले

नोंदवही नीट असली म्हणजे सर्व झाले, असेही नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या कापड गिरणी कामगारांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले. संपाचे नेतृत्व डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे होते; परंतु १९४६ च्या कायद्याप्रमाणे प्रातिनिधिक संघ म्हणून नोंद राष्ट्रीय मिल मजदूर संघाची होती आणि वाटाघाटीचा कायदेशीर अधिकारही त्याच संघाकडे होता. कामगारांचा कल एका बाजूला आणि कायद्याने मानलेले प्रतिनिधित्व दुसऱ्या बाजूला, अशा पेचात तो संप दीर्घकाळ रेंगाळला आणि त्यात हजारो कामगारांचे संसार उद्ध्वस्त झाले. त्या शोकांतिकेची कारणे अनेक होती. परंतु सभासदत्वाची मोजणी आणि कामगारांचे खरे मत यांत अंतर पडू नये, ही गोष्ट तिने ठळकपणे पुढे आणली. पुढे १९९५ साली भारतीय अन्न महामंडळाच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रातिनिधिक संघ ठरविण्यासाठी गुप्त मतदानाची पद्धत कशी अनुसरावी हे सांगितले. पावती व मतदान या दोन्ही साधनांचा उद्देश एकच आहे : कामगाराने स्वेच्छेने केलेली निवड ओळखणे.

वेतनातून कपात

वेतन बँकेत जमा होऊ लागल्यापासून पगाराच्या दिवशीचे टेबल बहुतेक ठिकाणी उठले. त्याची जागा वेतनातून वर्गणी कापून ती परस्पर संघाकडे पाठविण्याच्या पद्धतीने घेतली. वेतन प्रदान अधिनियमात १९८२ च्या दुरुस्तीने या कपातीला जागा मिळाली आणि वेतन संहिता, २०१९ मध्येही ती कायम आहे. मात्र दोन्हीकडे एक अट समान आहे : कामगाराची लेखी संमती असली पाहिजे. संमतीवाचून मालकाने वर्गणी कापणे बेकायदेशीर होय. मग ती वर्गणी कितीही चांगल्या संघाची असो. या पद्धतीने हिशेब चोख राहतो हे खरे. परंतु संघाचा प्रतिनिधी आणि कामगार यांची महिन्याकाठी होणारी भेट तिच्यामुळे नाहीशी होते. ती भरून काढण्यासाठी संघाने द्वारसभा व वार्षिक सभा नियमित घेणे अगत्याचे आहे.

वर्गणी नव्हे अशा रकमा

ग्रामीण भागात वर्गणी आणि इतर रकमा यांची गल्लत होताना दिसते. त्यांतील भेद स्पष्ट असावा. कामगार कल्याण निधीची रक्कम १९५३ च्या कायद्याखाली जून व डिसेंबर महिन्यांत कामगाराच्या वेतनातून कापली जाते व मालकही आपला हिस्सा भरतो. ती वैधानिक कपात असून कोणत्याही संघाची वर्गणी नव्हे. हमाल व माथाडी कामगारांसाठी १९६९ च्या कायद्याखालील मंडळाकडे मजुरीबरोबर मालकाने भरावयाची लेव्ही ही मालकाची जबाबदारी आहे. हमाल सभासद असलेल्या संघाची वर्गणी तिच्याहून निराळी. त्याचप्रमाणे बांधकाम कामगाराने कल्याणकारी मंडळाकडे केलेली नोंदणी आणि एखाद्या संघाचे त्याने घेतलेले सभासदत्व या दोन स्वतंत्र बाबी आहेत. वर्षातील ९० दिवसांच्या कामाचा दाखला मागण्यासाठी आलेल्या मजुराला ही गोष्ट गावपातळीवरच समजावून सांगितली, तर मध्यस्थांकडून होणारी त्याची नाडणूक टळेल.

नवी संहिता

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि १९२६ चा कामगार संघ अधिनियम निरसित झाला. जुन्या कायद्याखाली नोंदणी असलेले संघ या संहितेखाली नोंदलेले समजण्यात येतात. मात्र आपली नियमावली संहितेशी सुसंगत असल्याचे निवेदन त्यांनी निबंधकाकडे दाखल करावयाचे आहे. किमान सात अर्जदार, तसेच आस्थापनेतील १० टक्के किंवा १०० कामगार यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद, ही २००१ पासूनची अट पुढे चालू आहे. बाहेरच्या व्यक्तींना पदाधिकारी म्हणून घेण्यावर एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जे कमी असेल ते, ही मर्यादाही कायम आहे. असंघटित क्षेत्रात निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष कामगार असले म्हणजे पुरे. वर्गणीची किमान रक्कम नियमांनी ठरावी अशी संहितेची रचना आहे.

मान्यतेचा विषय संहितेने प्रथमच केंद्रीय कायद्यात आणला. एकापेक्षा अधिक संघ असतील तेथे हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेला संघ एकमेव वाटाघाटी संघ ठरतो. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघांची मिळून वाटाघाटी परिषद बनते. ३० टक्क्यांची जुनी अट आठवणीत ठेवून चालणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा. यापुढे प्रत्येक पावतीचे वजन पूर्वीहून अधिकच राहणार आहे.

गावपातळीवर करण्याजोगे

आपल्यापैकी बहुतेकजण कोणत्या ना कोणत्या संघटनेचे सभासद आहेत. शिक्षकांना त्यांच्या संघटना आहेत, ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना आहेत. तेव्हा आरंभ स्वतःपासूनच करता येईल. वर्गणी दिल्यावर पावती मागून घ्यावी. तिच्यावर नाव, रक्कम, कोणत्या महिन्याची वर्गणी व घेणाऱ्याची सही आहे ना हे पाहावे. वर्षातून एकदा हिशेब वाचला जातो की नाही याची चौकशी करावी. शिक्षकांनी प्रौढ कामगारांना आपली पावती व वेतनचिठ्ठी वाचता येईल एवढे साहाय्य केले, तर तेही मोठे काम होईल. विडी वळणाऱ्या किंवा ऊस तोडणाऱ्या भगिनींच्या बाबतीत तर ही गरज विशेष आहे. कारण पैसे देणारी त्या आणि पावतीवर नाव कुटुंबप्रमुखाचे, असा प्रकार होऊ नये. शंका असल्यास जिल्ह्यातील सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारणा करावी.

संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. संघात सामील व्हावे की नाही, कोणत्या संघात व्हावे आणि त्याला किती वर्गणी द्यावी, हे ठरविणे कामगाराच्या हाती आहे. दिलेल्या पैशाची नोंद राहते की नाही आणि तिचा हिशेब त्याला मिळतो की नाही, एवढे पाहणे हे शासनाचे काम आहे. हंगामाच्या पहिल्या पगाराला घेतलेली पावती कामगाराने घडी करून खिशात न विसरता, शिधापत्रिका व सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवली, तर या कायद्यांचे निम्मे काम त्यानेच केले असे होईल.